इंग्रजी कवितेचा आस्वाद आणि मराठी कान

१

मराठी विद्यार्थी इंग्रजी कविता 'शिकतो' असे म्हटले जाते तेव्हा शिकणे आणि आस्वाद घेणे या दोन क्रिया एकामागून एक घडतात, असे गृहीत धरलेले असते. आधी भाषा आत्मसात व्हावी, शब्दांचे अर्थ व व्याकरण पक्के व्हावे आणि त्यानंतर, जमल्यास, कवितेचा आनंद मिळावा, असा हा क्रम आहे. आपल्याकडील अभ्यासक्रमांची आखणी, प्रश्नपत्रिकांचे स्वरूप आणि बाजारातील मार्गदर्शके या सर्वांच्या मुळाशी हे गृहीत आहे. ते तपासून पाहण्याची गरज क्वचितच कोणाला वाटली.

या गृहीताला जुना इतिहास आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी निगडित झालेले 'वाघिणीचे दूध' हे रूपक इंग्रजी विद्येविषयीची एका पिढीची धारणा नेमकेपणाने व्यक्त करते. दूध पिणाऱ्याच्या अंगी बळ येते. त्या दुधाची चव कशी आहे, हा प्रश्न मात्र त्या रूपकात उद्भवत नाही. 'निबंधमाले'चे कर्ते (१८७४-१८८१) स्वतः इंग्रजी गद्याचे रसिक वाचक होते, ही गोष्ट वेगळी. त्यांच्यामागून जे टिकले ते रूपक टिकले, त्यांची रसिकता परंपरेत मुरली नाही.

आस्वादाला भाषाज्ञान पुरेसे असते काय, या प्रश्नाचे एक उत्तर १९२९ साली केंब्रिजमधून आले. आय. ए. रिचर्ड्स यांनी 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात तेरा कवितांवरील विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास मांडला. कवींची नावे वाचकांपासून लपवून ठेवली होती. हे बहुतेक वाचक इंग्रजी मातृभाषा असणारे आणि त्याच विषयाचे विद्यार्थी होते. तरीही त्यांचे वाचन किती ठिकाणी घसरते, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. रिचर्ड्स यांनी वाचनातील ज्या अडचणींची यादी केली तिच्यात पहिली अडचण साध्या अर्थाच्या आकलनाची आहे. दुसरी अडचण कवितेच्या ऐंद्रिय ग्रहणाची आहे: मुकाट्याने वाचतानाही शब्दांची मालिका मनाच्या कानाला ऐकू येणे आणि तिचा आकार जाणवणे, हे सर्वांना सारखे साधत नाही. मराठी वाचकाच्या संदर्भात या दुसऱ्या अडचणीला विशेष महत्त्व आहे. आपल्या शिक्षणव्यवस्थेने पहिल्या अडचणीवर सारे श्रम खर्च केले आणि दुसरीचे अस्तित्वच ध्यानात घेतले नाही. परिणामी इंग्रजी कविता आपल्याकडे प्रामुख्याने डोळ्यांनी वाचली गेली.

२

ही अडचण नेमकी कोठे आहे, हे पाहण्यासाठी दोन भाषांच्या उच्चारव्यवस्थेकडे वळले पाहिजे. मराठीतील वृत्तविचार अक्षराच्या लघुगुरुत्वावर किंवा अक्षरसंख्येवर उभा आहे. इंग्रजी पद्याचा आधार आघात हा आहे. शब्दातील एखादे अक्षर जोर देऊन उच्चारले जाते आणि त्याच्या शेजारची अक्षरे आक्रसतात, त्यांतील स्वर अस्पष्ट होऊन जातात. मराठीत शब्दातील आघाताची जागा बदलली म्हणून शब्दाचा अर्थ पालटत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' या शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असला तर ते नाम होते, दुसऱ्यावर असला तर क्रियापद. 'फोटोग्राफ' मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर पडतो. मराठी उच्चारात हे तिन्ही शब्द एकाच सपाट चालीने जातात.

यातून होणारा घोटाळा केवळ उच्चारदोषाचा नाही, तो छंदाच्या आकलनाचा आहे. इंग्रजी छंदःशास्त्र समजावून देताना अनाघात अक्षर म्हणजे लघू आणि आघातयुक्त अक्षर म्हणजे गुरू, असे समीकरण सोयीसाठी मांडले जाते. हे समीकरण वृत्तांचा संस्कार झालेल्या कानाला फसवते. 'सिटी', 'पिटी', 'मनी' हे शब्द देवनागरीत लिहिले आणि मराठी पद्धतीने उच्चारले की लघु-गुरू असा क्रम ऐकू येतो. इंग्रजीत या तिन्ही शब्दांचा आघात पहिल्या अक्षरावर आहे. म्हणजे ज्या ठिकाणी इंग्रजी कानाला उतरती लय ऐकू येते, त्याच ठिकाणी मराठी कानाला चढती लय ऐकू येते. असे दोनतीन शब्द एका ओळीत आले तर ओळीचा छंदच उलटा होतो. विद्यार्थी परीक्षेत त्या ओळीचे गण अचूक पाडून दाखवू शकतो, कारण नियम त्याला पाठ असतो. त्याच्या कानात मात्र दुसरीच ओळ वाजत असते.

याहून सूक्ष्म असा आणखी एक भेद आहे. शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तात एकोणीस अक्षरांचा क्रम ठरलेला असतो, बाराव्या अक्षरानंतर यती येतो आणि हा साचा प्रत्येक चरणात जसाच्या तसा भरला जातो. त्यात लघूच्या जागी गुरू आला तर तो दोष ठरतो. इंग्रजीतील दहा अक्षरांच्या, पाच आघातांच्या ओळीचे शास्त्र वेगळे आहे. तेथे साचा वाचकाच्या मनात पार्श्वभूमीसारखा वाजत राहतो आणि प्रत्यक्ष ओळ बोलण्याच्या ओघात त्याच्याशी जुळते, त्यापासून ढळते, पुन्हा त्याच्याकडे परतते. या ओढाताणीतून बोलणाऱ्याचा स्वर ऐकू येतो: संकोच, उपरोध, आवेग, थबकणे. साच्यापासून ढळणे हा तेथे दोष नाही, तो अर्थाचाच एक भाग आहे. ज्याला आघात ऐकू येत नाही त्याला साचा ऐकू येत नाही आणि ढळणेही ऐकू येत नाही. मग कवितेत 'काय' म्हटले आहे एवढेच त्याच्या हाती उरते. गद्यार्थ लिहिण्याची परीक्षापद्धती या उरलेल्या भागालाच कविता मानते.

भाषांचे 'आघातकालिक' आणि 'अक्षरकालिक' असे वर्गीकरण १९४०च्या दशकापासून भाषाविज्ञानात रूढ झाले. पुढील ध्वनिमापनांत आघातांमधील अंतरे घड्याळाप्रमाणे समान असल्याचे दिसले नाही, त्यामुळे ही विभागणी आज कोणी काटेकोर मानत नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या अपेक्षा या दोन भाषांत निराळ्या असतात, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. येथे प्रश्न घड्याळाचा नसून श्रवणाच्या सवयीचा आहे.

३

श्रवणाच्या या सवयीचा परिणाम आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात पाहता येतो. केशवसुतांचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. इंग्रजी कवितेशी त्यांचे नाते विद्यापीठाने घडवलेले नव्हते, ते स्वतःच्या वाचनातून घडले. १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' या रचनेतून त्यांनी चौदा ओळींचा इंग्रजी घाट मराठीत आणला. पुढे रविकिरण मंडळाच्या काळात त्याला 'सुनीत' हे नाव रूढ झाले आणि त्याचे अमाप पीक आले. या सुनीतांपैकी बहुसंख्य शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तांत आहेत. चौदा ओळी आल्या, यमकांची रचना आली, आठ आणि सहा ओळींमधील विचाराचे वळण आले. ज्या बोलत्या ओळीवर हा सारा डोलारा मूळ भाषेत उभा होता ती ओळ तेवढी आली नाही. खुद्द केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' मध्ये कवीचा प्रश्नार्थक, आव्हान देणारा स्वर वृत्ताच्या बांधीव चालीतून बाहेर पडू पाहतो. त्या कवितेचा जोम वृत्ताने दिलेला आणि वृत्ताने अडवलेला, असा दुहेरी आहे. पुढील सुनीतकारांत हा ताण उरला नाही. सुनीत हा त्यांच्या हाती सुबक आकृतिबंध झाला.

याचा दोष कवींच्या कर्तृत्वावर ढकलणे सोपे आहे, परंतु इंग्रजी कविता त्यांच्यापर्यंत कोणत्या रूपात पोचली हेही पाहिले पाहिजे. फ्रान्सिस पालग्रेव्ह यांचे 'गोल्डन ट्रेझरी' हे संकलन १८६१ साली प्रसिद्ध झाले आणि हिंदुस्थानातील महाविद्यालयांत ते दीर्घकाळ वाचले गेले. या संकलनाच्या प्रस्तावनेत पालग्रेव्ह यांनी आपली कसोटी स्पष्ट केली आहे. कथनपर, वर्णनपर व बोधपर कविता त्यांनी वगळल्या. निर्यमक पद्य, दहा अक्षरांची द्विपदी आणि ठळकपणे नाट्यात्म असे सारेच गीताच्या कल्पनेशी विसंगत म्हणून बाजूला ठेवले. जॉन डन या कवीला मूळ आवृत्तीत स्थानच नव्हते. म्हणजे ज्या ग्रंथाने भावकवितेची इंग्रजी परंपरा मराठी वाचकाला दिली, त्याने बोलत्या पद्याचा मोठा प्रदेश तत्त्वतःच बाहेर ठेवला होता.

हा प्रदेश शेक्सपिअरच्या नाटकांतून येऊ शकला असता. ती नाटके अभ्यासक्रमात होती आणि रंगभूमीवरही आली. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) हे 'हॅम्लेट'चे, देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) हे 'ऑथेल्लो'चे मराठी रूप. मात्र या रूपांतरांत मूळ निर्यमक पद्याची जागा मुख्यतः गद्याने घेतली. रंगभूमीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे एक विलक्षण विभागणी झाली. इंग्रजी पद्यातील बोलणे मराठी नाटकाच्या गद्यात गेले आणि इंग्रजी पद्यातील गाणे मराठी कवितेच्या वृत्तात गेले. बोलणे आणि छंद यांचा जो एकजीव मूळ पद्यात होता, तो दोन वाटांनी विभागला जाऊन दोन्हीकडून निसटला.

४

हा निसटलेला एकजीव मराठी कवितेत कसा परतला, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे. अनिलांच्या मुक्तछंदाने, विशेषतः 'भग्नमूर्ती' (१९४०) या दीर्घकाव्याने, वृत्ताची चौकट सैल केली. परंतु निर्णायक वळण मर्ढेकरांच्या कवितेने घेतले. १९२९ साली आय.सी.एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेलेल्या मर्ढेकरांचा इंग्रजी साहित्याचा अभ्यास त्यांच्या समकालीन मराठी कवींत सर्वाधिक मुरलेल्या अभ्यासांपैकी होता. 'आर्ट्स अँड मॅन' (१९३७) हा सौंदर्यशास्त्रीय ग्रंथ त्यांनी इंग्रजीतच लिहिला. 'शिशिरागम' (१९३९) या पहिल्या संग्रहात मात्र त्यांची रचना रूढ वळणाची आहे. 'काही कविता' (१९४७) मध्ये नवे मर्ढेकर भेटतात आणि त्यांच्या हाती ओवी व अभंग हे छंद असतात.

मराठी समीक्षेने एलियट आणि मर्ढेकर यांचे साम्य बहुधा प्रतिमा, नागर जीवनाची वैफल्यभावना आणि काव्यविचार या पातळ्यांवर शोधले. ओवी-अभंगाची चर्चा वेगळ्या प्रकरणात, संतपरंपरेच्या संदर्भात होत राहिली. एकात परकीय प्रभाव आणि दुसऱ्यात देशी वारसा, अशी ही वाटणी आहे. आघात आणि छंद यांच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन प्रकरणे एकच असल्याचे दिसते. मर्ढेकर इंग्लंडमध्ये गेले तो काळ इंग्रजी कवितेत छंद आणि बोलीची लय यांच्या संबंधाचा नव्याने विचार होण्याचा होता. एलियटचे लेखन त्या विचाराच्या अग्रभागी होते. १९१८मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या हॉपकिन्सच्या कवितांची दुसरी आवृत्ती १९३० साली निघाली आणि तिला मोठा वाचकवर्ग लाभला. केवळ आघात मोजावेत, मधल्या अनाघात अक्षरांची संख्या मोकळी सोडावी, हे हॉपकिन्सच्या रचनेचे तत्त्व आहे आणि त्याचे मूळ त्याने बोलण्याच्या स्वाभाविक लयीत व बालगीतांत पाहिले होते.

या तत्त्वाचे मराठीत भाषांतर होणार नाही, कारण मराठीत तसा आघातच नाही. त्याला समकक्ष काय, असा प्रश्न मात्र विचारता येतो. माधव जूलियन यांच्या 'छंदोरचना' (१९३७) या ग्रंथाने वृत्त, जाती आणि छंद असे जे वर्ग केले, त्यांत लघुगुरूंचा भेद न मानता अक्षरसंख्येवर चालणारा छंद हा स्वतंत्र वर्ग आहे. ओवी आणि अभंग त्यातले. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा मोठा अभंग हा त्याचा ढोबळ साचा झाला. संतांच्या प्रत्यक्ष रचनेत अक्षर कमीजास्त होते, म्हणणारा स्वर लांबवून वा आखडून ते सावरून घेतो. ग्रांथिक ओवीत तर चरणांची लांबीही बरीच मोकळी असते. जात्यावर ओवी गाणारी बाई हेच करते. साचा मनात आहे आणि बोलणे त्याच्याशी खेळते आहे, ही इंग्रजी बोलत्या पद्याची अवस्था मराठीत शार्दूलविक्रीडिताने दिली नाही, ती ओवीजवळ आधीपासून होती.

ओवी मर्ढेकरांना इंग्लंडने दिली नाही. ती घरचीच होती आणि त्यांच्या आधीच्या कवींनाही उपलब्ध होती. बदलला तो तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन. भक्तीचा व उपदेशाचा छंद म्हणून ओळखली जाणारी रचना शहरातल्या, यंत्रयुगातल्या माणसाचे तिरकस बोलणे पेलू शकेल, हे ओळखण्यासाठी छंद आणि बोलणे यांच्या नात्याची जाण लागते. इंग्रजी कविता कानाने वाचलेल्या कवीला ती जाण असणे स्वाभाविक आहे. 'पंक्चर' या शब्दाला मराठी प्रत्यय लावून 'पंक्चरली' असे क्रियापद मर्ढेकर घडवतात, तेव्हा मूळ शब्दाचा आघात नाहीसा होतो आणि त्याची अक्षरे मराठी वजनाने उच्चारली जातात. परभाषेच्या शब्दाला आपल्या उच्चारात असे नांदवणे दोन्ही भाषांच्या चाली ओळखणाऱ्याला सुचते.

पुढील काळात या दिशेने अनेक जण गेले. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी सुनीताला वृत्तातून सोडवून 'मुक्तसुनीत' घडवले, हा सुनीताच्या मराठी इतिहासातील एका जुन्या त्रुटीचा परिहारच होता. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे दोन्ही भाषांत लिहीत राहिले. चित्र्यांनी तुकारामाचे इंग्रजी भाषांतर (१९९१) करताना अभंगाचा अक्षरबंध व यमक इंग्रजीत ओढून नेले नाही, तुकारामाचे बोलणे इंग्रजीच्या लयीत उभे राहील अशा मोकळ्या ओळी निवडल्या. सुनीतकारांनी आकार आणला होता आणि स्वर गमावला होता. चित्र्यांनी स्वर नेण्यासाठी आकार सोडला.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला वसाहतवादाच्या अभ्यासातून येतो. इंग्लंडच्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य हा मान्यताप्राप्त विषय होण्यापूर्वीच हिंदुस्थानात तो राज्यकारभाराचे साधन म्हणून शिकवला गेला, हे गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' (१९८९) मध्ये सप्रमाण मांडले. या दृष्टीने इंग्रजी कवितेचा 'आस्वाद' हे सत्तेने लावलेले वळण ठरते. दुसरा आक्षेप देशीवादाचा आहे. परकीय वाङ्मयाच्या संस्कारात वाढलेल्या अभिरुचीने मराठी साहित्याला आपल्या मुळांपासून तोडले, अशी मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी केली आणि ती मराठी समीक्षेला अस्वस्थ करणारी ठरली.

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. कोणते पुस्तक कोणाच्या हाती, कोणत्या हेतूने पडले, याचे स्पष्टीकरण सत्तेच्या इतिहासाशिवाय देता येत नाही. पालग्रेव्ह यांच्या संकलनाची येथे केलेली चर्चाही त्याच प्रकारची आहे. परंतु पुस्तक हाती आल्यावर वाचकाच्या कानात काय घडले, हे त्या इतिहासावरून ठरत नाही. उलट, सत्तेने जे शिकवले ते मुख्यतः अर्थ, आशय व नीती होते. कानाचा संस्कार तिच्या परीक्षेच्या कक्षेत येत नव्हता. देशीवादाच्या आक्षेपालाही हेच उत्तर देता येते. मुळांपासून तोडणारे वाचन हे डोळ्यांचे वाचन होते. त्याने इंग्रजीतून आकार उचलले आणि ते संस्कृत वृत्तांत बसवले. कानाचे वाचन करणारा कवी ओवीकडे, अभंगाकडे, बोलीकडे आला. इंग्रजी कविता अपुरी वाचल्यामुळे आपण आपल्यापासून दूर गेलो आणि पुरती वाचल्यामुळे जवळ आलो, असे या इतिहासावरून म्हणावे लागते.

६

शेवटी प्रश्न उरतो तो वर्गाचा. एलियटने १९२९ सालच्या दान्तेवरील निबंधात नोंदवले आहे की अस्सल कविता पुरती समजण्यापूर्वीच वाचकापर्यंत पोचू शकते. इटालियन जेमतेम येत असताना, शेजारी गद्य भाषांतर ठेवून त्याने दान्ते वाचला होता. शिकणे आधी आणि आस्वाद मागाहून, हा क्रम येथे मोडतो. मात्र एलियटचे उदाहरण सरसकट लागू करता येत नाही. दान्तेची भाषा लॅटिनच्या सामाईक वारशामुळे युरोपीय वाचकाला जवळची आहे, शेक्सपिअरची भाषा तेवढी स्थानिक आहे, हे एलियटच सांगतो. मराठी वाचकापुढील अंतर त्याहून मोठे आहे. म्हणूनच कान तयार करण्याचे काम आपल्याकडे अधिक जाणीवपूर्वक व्हावे लागेल.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. भाषेच्या अध्यापनाची वर्षे वाढली, पण तिच्या लयीच्या अध्यापनाचा प्रश्न तसाच राहिला. उपाय अवघड नाहीत. अर्थ सांगण्यापूर्वी कविता मोठ्याने म्हटली जावी आणि म्हणताना आघात हाताच्या टाळीवर मोजले जावेत. 'सिटी' आणि 'मनी' यांसारखे शब्द फळ्यावर रोमन व देवनागरी अशा दोन्ही लिपींत लिहून मराठी व इंग्रजी चाल एकमेकींशेजारी ऐकवली जावी. बालगीतांना पदव्युत्तर वर्गातही स्थान असावे, कारण इंग्रजी आघाताची सर्वांत शुद्ध रूपे तेथेच सापडतात. गद्यार्थाऐवजी भाषांतर हा अभ्यासाचा प्रकार व्हावा: एकच इंग्रजी उतारा एकदा अक्षरगणवृत्तात आणि एकदा ओवीत आणून पाहिला की दोन्ही भाषांच्या छंदांविषयी विद्यार्थ्याला जे कळते ते व्याख्यानांतून कळणारे नव्हे. हा सारा अभ्यास भाषेचाच आहे आणि तो होत असतानाच आस्वाद घडत असतो.

अशा वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातून 'काही कविता' लिहिली जाणार नाही, तशी अपेक्षाही नाही. परंतु इंग्रजीतील एखादी ओळ कोठे थबकते हे ज्याला ऐकू आले, तो ज्ञानेश्वरीतील ओवी वाचतानाही कोठे थांबायचे याचा विचार करू लागेल. इंग्रजी आणि मराठी हे साहित्याचे दोन विभाग आज बहुतेक महाविद्यालयांत शेजारीशेजारी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यातील संवादाला या ठिकाणापासून प्रारंभ करता येईल.